डीपीची किंमत विचारता, तोटाही विचारा: पाणी संस्थांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
चेअरमन, संचालक मंडळ आणि सचिव,
कृष्णा-वारणा काठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था, जि. सांगली

स. न. वि. वि.

मे महिना चालू आहे. उसाला पाण्याची ओढ आहे, पंप जोरात आहेत, आणि बऱ्याच संस्थांच्या टेबलावर या दिवसांत डीपीची, म्हणजे वीज पंपाच्या व्होल्टेजला उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, कोटेशनं येऊन पडलेली असतात. कुणाची डीपी उन्हाळ्याच्या लोडनं जळालेली, कुणाला जुनी काढून मोठी बसवायची. तुमच्या मासिक सभेत ती पाकिटं फुटतील. त्याआधी हे पत्र नजरेखालून जावं म्हणून घाईनं लिहितो आहे.

माझी ओळख थोडक्यात. कुपवाड एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कामात नोकरी झाली, आधी वायंडिंगवर आणि पुढं टेस्टिंगला. आता निवृत्त आहे. पलूस तालुक्यात थोडा ऊस आहे, तो एका संस्थेच्या पाण्यावर. म्हणजे तुमच्यासारख्याच एका संस्थेचा मी सभासद, आणि वीजबिल वाढलं की पाणीपट्टी वाढते हे मलाही भोगावं लागतं.

आजवर ज्या ज्या संस्थेचा तुलनात्मक तक्ता माझ्या हाताखालून गेला, त्यात रकाने ठरलेले: किंमत, जीएसटी, वाहतूक, गॅरंटी, पैसे देण्याची मुदत. खाली सही आणि शेरा, 'सर्वांत कमी दर असल्याने मंजूर'. डीपी स्वतः किती वॅट खाणार, हा रकाना मी एकाही तक्त्यात पाहिला नाही. पंप घेताना मात्र तुम्ही असे वागत नाही. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, १९१० पासूनची. पंपाला हेड किती, डिस्चार्ज किती, मोटर किती एचपी मागते हे इथला पाणी सोडणारा पाटकरीसुद्धा विचारतो. डीपीला मात्र कुणी काहीच विचारत नाही. ती हलत नाही, पाणी फेकत नाही, कोपऱ्यात घुमत उभी असते, म्हणून तिचं खाणं दिसत नाही.

विकणारा सांगतो, "ट्रान्सफॉर्मर अठ्ठ्याण्णव टक्के एफिशियंट असतो, त्यात काय बघायचं?" तो खोटं बोलत नाही. पण उरलेले दोन टक्के हे तुमच्या मोटरांकडे जाणाऱ्या सगळ्या विजेचे दोन टक्के आहेत, आणि ते पंचवीस वर्षं जाणार आहेत. शिवाय अठ्ठ्याण्णव हा आकडा लोड असतानाचा. पंप बंद आणि डीपी चालू असेल, तेव्हा तिची एफिशियन्सी शून्य. आत येते ती सगळी वीज तिच्याच पोटात उष्णता होऊन जाते.

आता हा तोटा भरतं कोण? पाच-साडेसात एचपीची मोटर असलेल्या शेतकऱ्याचा मीटर डीपीच्या पलीकडे, एलटी म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला असतो. त्याच्या डीपीतला तोटा वीज कंपनीच्या खाती पडतो आणि वितरण हानी म्हणून सगळ्यांच्या दरात मुरतो. तुमचं तसं नाही. तुमचं कनेक्शन ११ केव्हीचं, म्हणजे ११ हजार व्होल्टचं. मीटरिंग क्यूबिकल (मीटरची पेटी) आधी आणि डीपी नंतर. मीटरमधून वीज निघाली की ती तुमची झाली, मग ती पंपानं वापरली काय आणि डीपीच्या लोखंडानं खाल्ली काय. डीपी तुमच्या मालकीची, तिचा तोटाही तुमच्या बिलात.

हा तोटा दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. एक नो-लोड लॉस, म्हणजे कोअरमधला, आतल्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यातला. डीपीला ११ हजाराचा सप्लाय मिळाला की सेकंदाला शंभर वेळा कोअरचं चुंबकत्व इकडून तिकडं उलटतं, त्यात वीज जाते, आणि कोअरच्या पत्र्यांत भोवरे करंट फिरतात त्यातही जाते. मोटर चालू असो की बंद, दिवस असो की रात्र, हा तोटा जवळपास तेवढाच. दुसरा लोड लॉस, कॉईलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांतला. हा करंटच्या वर्गानं वाढतो. लोड निम्मं केलं तर तो चौथाईवर येतो, आणि दीडपट केलं तर सव्वादोनपट होतो. उन्हाळ्यात सगळ्या मोटरा एकदम लावल्या की डीपी का जळते, त्याचं उत्तर या वर्गात आहे.

आकडे घेऊ. जुन्या मानकाप्रमाणे बनलेल्या ११ केव्हीच्या १०० केव्हीए (हे डीपीच्या क्षमतेचं माप) डीपीचा नो-लोड लॉस २६० वॅट आणि पूर्ण लोडला कॉपर लॉस, म्हणजे लोड लॉसच, १७६० वॅट धरत. या धर्तीच्या डीपी आपल्या नदीकाठावर अजून भरपूर आहेत. २६० वॅट ऐकायला काहीच नाही, शेडमधले तीन-चार जुने बल्ब. पण ते वर्षाचे ८७६० तास जळतात. २२७८ युनिट झाले, तेही एक थेंब पाणी न उचलता. ज्या संस्था शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहेत त्यांना तीन फेज दिवसात मोजकेच तास मिळतात, त्यांनी तास तेवढेच धरावेत. सतत वीज असणाऱ्या एक्सप्रेस फीडरवाल्यांनी मात्र पूर्ण चोवीस.

आता खरेदीकडे वळतो. आयएस ११८० भाग १ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत डीपीच्या तोट्याच्या तीन पातळ्या दिल्या आहेत. ११ केव्ही, १०० केव्हीएसाठी अर्ध्या लोडला एकूण तोटा पहिल्या पातळीत ५२० वॅट, दुसऱ्या पातळीत ४७५, तिसऱ्या पातळीत ४३५. पूर्ण लोडला अनुक्रमे १८००, १६५० आणि १५००. जुन्या डीपीचे हेच आकडे ७०० आणि २०२० येतात. जुनी आणि तिसऱ्या पातळीची डीपी वर्षभर अर्ध्या लोडवर चालली तर दोघींत २६५ वॅटचा फरक, म्हणजे वर्षाला सुमारे २३०० युनिट. तुमचा दर तुम्हाला माहीत आहे, तो लावा आणि पंचवीसनं गुणा. मग कोटेशनमधल्या दहा-पंधरा हजारांच्या फरकासाठी तासभर वाद घालायचा की नाही, ते ठरवा. स्वस्तातली महाग डीपी हा प्रकार मी अनेकदा बघितला आहे. घेताना वाचलेले पैसे तीन-चार वर्षांत बिलात निघून जातात आणि पुढची वीस वर्षं उगीच भुर्दंड.

स्टारचं लेबल बघून गाफील राहू नका. डीपीवर स्टार लेबल २०१० पासून बंधनकारक झालं, पण स्टार कशाला म्हणायचं हे मध्यंतरी बदललं. जुन्या पद्धतीतली तीन स्टारची डीपी आणि नव्या मानकाची पहिली पातळी यांचा तोटा एकच. तेव्हा स्टार मोजत बसू नका, वॅटचा आकडा वाचा. तो नेमप्लेटवर असतो, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर असतो. आयएसआय मार्क २०१५ च्या आदेशानं सक्तीचा आहे. तो नसलेली नवी डीपी कुणी देऊ करत असेल तर पाकीट परत करा.

मोठ्या खरेदीत तोट्याचं भांडवली मूल्य काढतात. किंमत, अधिक नो-लोड वॅट गुणिले एक ठरलेली रक्कम, अधिक लोड लॉसचे वॅट गुणिले दुसरी ठरलेली रक्कम. जी बेरीज सगळ्यांत कमी ती डीपी घ्यायची. काही वीज कंपन्या अशी खरेदी करतात. तुमच्या सचिवाला हे अर्ध्या तासात कागदावर मांडता येईल. नो-लोडची रक्कम मोठी धरायची, कारण तो तोटा वर्षभर चालतो. लोड लॉसची लहान, कारण पंप काही वर्षभर पूर्ण लोडवर नसतात.

ॲमॉर्फस कोअरच्या डीपी येतात, त्यांचा नो-लोड लॉस साध्या कोअरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. पण त्या महाग, आणि तो पत्रा इतका पातळ व ठिसूळ की जळाल्यावर आपल्या भागातल्या शॉपमध्ये तिची दुरुस्ती नीट होईल याची खात्री मी देणार नाही. नदीकाठच्या लिफ्टला (उपसा योजनेला) माझं मत तरी साध्या सीआरजीओ कोअरच्या, म्हणजे नेहमीच्या ट्रान्सफॉर्मर पोलादाच्या, चांगल्या डीपीलाच.

दुरुस्तीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण ते मी आतून बघितलं आहे आणि संस्थांचे पैसे सगळ्यांत जास्त तिथंच गळतात.

जळालेली डीपी शॉपमध्ये आली की टाकीचं झाकण उघडून कोअर-कॉईल असेंब्ली चेन-पुलीनं वर काढतात. तेल निथळलं की वरचं योक सोडायचं, म्हणजे कोअरच्या वरच्या आडव्या पट्टीतले पत्रे एकेक करून ओढायचे. हे पत्रे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, शेकड्यांनी असतात. दोन्ही बाजूंना पातळ इन्सुलेशनचा थर. पत्रा काढताना तो वाकवायचा नाही, आपटायचा नाही, कडा मोडायच्या नाहीत. कारण हे साधं लोखंड नव्हे. अमेरिकेत नॉर्मन गॉसनं १९३४ साली पेटंट घेतलं ते याच पोलादाचं. थंड लाटून आणि तापवून त्यातले कण एका दिशेला ओळीनं बसवलेले असतात, त्या दिशेनं चुंबकत्व सहज वाहतं आणि तोटा कमी होतो. हातोडीचा घाव बसला की तिथली ओळ मोडते. पत्रा दिसायला तसाच, पण वॅट खायला लागतो.

आणि आमच्या धंद्यात हातोडी तर कायम हातात असते. गिऱ्हाईक डोक्यावर, "उद्या डीपी पाहिजे, ऊस वाळतोय." मग पत्रे पटापट उपसले जातात, ढीग जमिनीवर पडतो, कुणाचा तरी पाय पडतो. नव्या कॉईल चढवल्यावर योक परत भरताना पत्रे एकमेकांत नीट मिसळून न बसवता लाकडी ठोकळा ठेवून ठोकून बसवतात. सांध्यांत फटी राहतात. काही पत्रे वाकडे झाले म्हणून भरतच नाहीत, बाजूला टाकतात. अशी डीपी टेस्टला लावली की नो-लोडचा वॅटमीटर नव्या डीपीच्या दीडपट जाताना मी पाहिला आहे. आवाजावरूनही कळतं. चांगल्या कोअरची डीपी एकसुरी घुमते, हिचा आवाज खरखरीत येतो. पण गिऱ्हाईक खूश असतं. मोटर चालली, पाणी आलं, डीपी 'झाली'.

कॉईलमध्ये वेगळी गंमत. एचटी (जास्त व्होल्टेजच्या बाजूच्या) कॉईलची तार व्यासानं दहा टक्के बारीक घेतली तर तांबं १९ टक्के कमी लागतं. दुरुस्ती करणाऱ्याला तेवढी बचत. तुम्हाला मात्र तारेचा रेझिस्टन्स सुमारे २३ टक्के वाढतो आणि त्या कॉईलचा तोटाही तितकाच. डोळ्यांनी हा फरक कळत नाही, मायक्रोमीटर लावला तरच कळतो. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम भरण्याचेही प्रकार होतात. ॲल्युमिनियमची डीपी असायला हरकत नाही, बाजारात चांगल्या मिळतात. पण त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे तार छेदाच्या क्षेत्रफळात तेवढी मोठी पाहिजे, आणि तांब्यासाठी बनलेल्या कोअरच्या खिडकीत ती मावत नाही. मग जेवढी मावते तेवढी भरतात.

यावर उपाय एकच, दुरुस्तीनंतर तोट्याची टेस्ट समोर उभं राहून बघायची. ती अवघड नाही. नो-लोडसाठी एलटी बाजूला ४३३ व्होल्ट द्यायचे, एचटी मोकळी ठेवायची, वॅटमीटर वाचायचा. त्या वेळी एचटीच्या टर्मिनलवर पूर्ण ११ हजार व्होल्ट उभे असतात, तेव्हा संचालकांनी दोरीच्या बाहेर उभं राहावं. लोड लॉससाठी एलटीची टर्मिनलं तांब्याच्या जाड पट्टीनं शॉर्ट करायची आणि एचटीला थोडं थोडं करून व्होल्टेज चढवायचं. १०० केव्हीएला एचटीत ५.२५ अँपिअर आले की थांबायचं. इम्पीडन्स (डीपीचा करंटला होणारा आतला अडथळा) साडेचार टक्के असेल तर हे साधारण ४९५ व्होल्टला येतं. वॅटमीटरवर जे दिसेल तो लोड लॉस.

इथं एक चलाखी असते ती सांगून ठेवतो. कॉईल थंड असताना तोटा कमी दिसतो. मानकाचा आकडा ७५ अंश सेल्सिअसला धरलेला असतो. शॉपमध्ये ३० अंशाला घेतलेलं रीडिंग तसंच लिहून दिलं तर तांब्याचा तोटा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास कमी भासतो. रिपोर्टवर तापमान लिहिलंय का, आणि ७५ अंशाला दुरुस्त केलेला आकडा आहे का, एवढं बघा. नसेल तर पैसे थांबवा.

हे सगळं मी कुणा एका शॉपवर राग म्हणून लिहीत नाही. चांगलं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि तीच जास्त दर लावतात म्हणून तुमच्या तक्त्यात तिसऱ्या नंबरवर जातात. वॅटचा रकाना आला की ती पहिल्या नंबरवर येतील.

आता पावसाळ्याचा मुद्दा. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बहुतेक लिफ्ट बंद होतात ते थेट सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. मोटरा बंद, पण डीपीचा सप्लाय चालूच. जून ते सप्टेंबर १२२ दिवस धरले तर २९२८ तास होतात. १०० केव्हीएची जुनी डीपी त्यात साडेसातशेच्या वर युनिट खाते. मोठ्या लिफ्टची ५०० केव्हीएची डीपी असेल आणि तिचा नो-लोड लॉस एक किलोवॅट धरला तर २९२८ युनिट.

पण खरा फटका युनिटपेक्षा वेगळ्याच ठिकाणी बसतो. तुमच्या बिलावर वापर केव्हीएएचमध्ये (म्हणजे फक्त खऱ्या युनिटवर नव्हे, तर ओढलेल्या सगळ्या करंटच्या हिशेबानं) मोजलेला असेल तर हे नीट वाचा. रिकामी डीपी जो करंट घेते तो बहुतांश चुंबकत्व उभं करण्यासाठीचा असतो, त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी खऱ्या विजेचं प्रमाण, अगदी खाली असतो. हा करंट पूर्ण क्षमतेच्या दोन टक्के धरला तर ५०० केव्हीएची डीपी बसल्या जागी १० केव्हीए घेते. खरी वीज एक किलोवॅट, पण मीटरवर तासाला १० केव्हीएएच. १२२ दिवसांत २९ हजारांहून जास्त. पंप बंद असताना बिल कशाचं आलं म्हणून ऑफिसात भांडायला जाणारे चेअरमन मी पाहिलेत. मीटर बरोबर असतो, डीपीच बिल काढत असते. यावर एलटी बाजूला त्या मापाचा छोटा कपॅसिटर कायम ठेवला तर केव्हीएएच बरंच उतरतं. पण पंपांसाठीचे मोठे कपॅसिटर रिकाम्या डीपीवर तसेच सोडले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, आणि केव्हीएएच पुन्हा चढतं.

मग सरळ बंदच का करू नये? बंद करावी, असं माझं मत आहे. पण सरसकट नाही, आणि याची कारणं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत.

पहिलं कारण चोर. मळ्यात एकट्या उभ्या असलेल्या बंद डीपीतलं तेल काढून, टाकी उलटी करून कॉईल नेल्याच्या घटना आपल्याकडे नव्या नाहीत. चालू डीपीला हात लावायला चोरही घाबरतो. १०० केव्हीएच्या डीपीचे पावसाळ्यातले साडेसातशे युनिट वाचवायचे आणि त्यापायी सगळी डीपी घालवायची, हा व्यवहार मूर्खपणाचा. अशी डीपी चालूच ठेवा. ज्या लिफ्टची मोठी डीपी कंपाउंडात आहे, जॅकवेलवर (काठावरच्या पंपाच्या विहिरीवर) राखणदार झोपतो, तिथं बंद करण्यात अर्थ आहे. राखणदाराच्या दिव्यासाठी वेगळी छोटी सोय वीज कंपनीला विचारून रीतसर करून घ्या.

दुसरं कारण ओल. चालू डीपीचं तेल कोअरच्या तोट्यानं थोडं कोमट राहतं. बंद डीपीला ती ऊब नाही, आणि आषाढातली हवा तुम्हाला ठाऊक आहे. डीपी ज्यातून हवा घेते त्या ब्रीदरमधली ओल शोषणारी सिलिका जेल निळ्याची गुलाबी झालेली असेल तर ओल सरळ तेलात जाते. म्हणून बंद करण्याआधी जेल बदलायची, ब्रीदरच्या खालच्या कपात तेल भरायचं, बुशिंगची आणि झाकणाची गॅस्केट बघायची. आणि परत चालू करण्याआधी मेगर मारायचा (म्हणजे इन्सुलेशन तपासायचं), तेलाचा नमुना तपासायचा. २.५ मिलिमीटरच्या फटीत ३० केव्हीच्या आत तेल तुटत असेल, म्हणजे त्यातून ठिणगी पडत असेल, तर फिल्टर केल्याशिवाय एबी स्विच (डीपी लाइनला जोडणारा-तोडणारा स्विच) लावायचा नाही. हे न करता दसऱ्याला नारळ फोडून एकदम चार्ज केलेल्या डीपी मी उघडल्या आहेत. आत काय झालेलं असतं ते सांगत नाही.

एबी स्विच उघडण्याआधी एलटीचं सगळं लोड काढायचं आणि काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करायचं, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो. बंद ठेवल्यानं डिमांड चार्ज (बिलातला मागणीपोटीचा आकार) सुटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नदीच्या अगदी काठावर ज्यांची डीपी आहे त्यांना पुराची वेगळी धास्ती आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी ते शिकवलं आहे. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा काठावरच्या किती डीपी पाण्याखाली गेल्या ते तुम्हीच पाहिलंत. जिथं चौथरा उचलून डीपी वर नेण्याचं काम निघेल तिथं नवी डीपी घेताना वॅटचा हिशेब करायची आयती संधी आहे.

दोन डीपी पॅरलल चालवणाऱ्या संस्थांसाठी एक गोष्ट, जी बहुतेकांना उलटी वाटते. लोड कमी झालं की एक डीपी बंद करावी हे सगळ्यांना पटतं. पण किती कमी झाल्यावर? जुन्या धर्तीच्या दोन १०० केव्हीएच्या डीपी असतील तर हिशेबानं उत्तर येतं ५४ केव्हीए. लोड त्याच्या खाली असेल तर एकच चालवा. ७०-८० केव्हीए असेल तर एक डीपी ते आरामात ओढेल, तरीही दोन्ही चालू ठेवण्यात फायदा आहे, कारण करंट वाटला गेला की दोन्ही कॉईलमधला तोटा वर्गानं उतरतो आणि तो दुसऱ्या कोअरच्या तोट्याहून जास्त असतो. तुमच्या डीपीचे आकडे वेगळे असतील तर सूत्र असं: नो-लोडची दुप्पट भागिले लोड लॉस, त्याचं वर्गमूळ, गुणिले एका डीपीचे केव्हीए.

पॉवर फॅक्टरविषयी तुम्ही ऐकून कंटाळला असाल, म्हणून एकाच वाक्यात. तो ०.७ वरून ०.९५ ला आणला तर तेवढ्याच पाण्यासाठी डीपीतला कॉपर लॉस ४६ टक्क्यांनी उतरतो.

आणि टॅप, म्हणजे डीपीतून निघणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, मोटरा तापतात, म्हणून वायरमनकडून टॅप बदलून घेतला जातो. ते ठीक. पण पावसाळ्यात लाइनवर लोड नसतं, व्होल्टेज चढतं, आणि टॅप उन्हाळ्याच्याच जागेवर असतो. व्होल्टेज वाढलं की कोअरचा तोटा वर्गाच्या मानानं किंवा त्याहून जास्त वाढतो, आणि डीपीचा घुमण्याचा आवाजही चढतो. मोसम बदलला की डीपी बंद करून टॅप परत घ्या.

संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. त्याच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी विनंती. मासिक सभेत आधीच घेतलात तर या मोसमाची खरेदीही त्यात बसेल. ठरावाचा मसुदा देतो, शब्द तुमच्या सोयीनं बदला:

'संस्थेसाठी नवीन ट्रान्सफॉर्मर खरेदी करताना अथवा जुना दुरुस्त करून घेताना प्रत्येक कोटेशनमध्ये नो-लोड लॉस आणि ७५ अंश सेल्सिअसला लोड लॉस वॅटमध्ये लेखी मागवावा. तुलनात्मक तक्त्यात या तोट्याचे संस्थेच्या चालू वीजदराने होणारे मूल्य किमतीत मिळवून जो एकूण खर्च कमी येईल ते कोटेशन मंजूर करावे. दुरुस्त ट्रान्सफॉर्मर ताब्यात घेण्यापूर्वी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर दोन्ही टेस्ट कराव्यात. कोटेशनमध्ये दिलेल्या तोट्यापेक्षा प्रत्यक्ष तोटा जास्त आढळल्यास ट्रान्सफॉर्मर परत करावा अथवा फरकाची रक्कम बिलातून वजा करावी. पावसाळ्यात कोणता ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायचा याचा निर्णय दरवर्षी मे महिन्याच्या सभेत घ्यावा.'

शेवटच्या ओळीवर तुमच्या सभेत चोरीवरून वाद होईल. तो होऊ द्या, प्रत्येक लिफ्टची जागा वेगळी आहे.

कळावे,

एक सभासद व निवृत्त ट्रान्सफॉर्मर टेस्टर,
ता. पलूस, जि. सांगली